टेव्हारनंतरच्या गंभीर गुंतागुंती: रुग्ण आणि घरच्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीतल्या महाधमनीला फुगा आला असेल, तिचं आतलं अस्तर फाटून डिसेक्शन झालं असेल किंवा अपघातात तिला इजा झाली असेल, तर हल्ली पुष्कळदा छाती न उघडता जांघेतून स्टेंट ग्राफ्ट बसवतात. या उपचाराला टेव्हार म्हणतात. संमतीपत्र समोर आलं की त्यावरचे 'स्ट्रोक', 'पॅराप्लेजिया' (दोन्ही पाय लुळे पडणं), 'मृत्यू' हे शब्द वाचून घरच्यांना घाम फुटतो, आणि नेमका तेव्हाच विचारायला वेळ नसतो. म्हणून हे प्रश्न इथे सविस्तर घेतले आहेत. पायांची ताकद आणि नंतरची आयुष्यभराची तपासणी या दोन गोष्टींवर मुद्दाम जास्त लिहिलं आहे, कारण तिथे घरच्या माणसाचं लक्ष खरोखर कामाला येतं. तुमच्या रुग्णाबद्दलचा निर्णय अर्थातच त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

हे हृदयाच्या अँजिओप्लास्टीसारखंच असतं ना?

नाही. हृदयाच्या धमनीतला स्टेंट तीन-साडेतीन मिलिमीटरचा असतो. इथला स्टेंट ग्राफ्ट २२ पासून ४०-४५ मिलिमीटर व्यासापर्यंतचा, आणि लांबीला बहुधा १० ते २० सेंटिमीटर. धातूच्या जाळीवर पॉलिस्टरचं किंवा पीटीएफईचं कापड चढवलेलं असतं.

कामही वेगळं. हृदयातला स्टेंट अरुंद झालेली वाट मोकळी करतो. टेव्हारमधला ग्राफ्ट महाधमनीचा खराब भाग रक्ताच्या दाबापासून झाकून टाकतो. रक्त कापडाच्या आतून पुढे जातं आणि फुग्याच्या भिंतीवरचा ताण उतरतो. पण त्या भागातून ज्या फांद्या फुटतात, त्याही कापडाखाली झाकल्या जातात. पुढे ज्या गुंतागुंती सांगितल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशांचं मूळ इथेच आहे.

ही पद्धत किती जुनी आहे?

युक्रेनमधल्या खार्किवमध्ये सर्जन निकोलाय व्होलोदोस यांनी १९८७ साली छातीतल्या महाधमनीत अशा पद्धतीने ग्राफ्ट बसवला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचे डॉक्टर मायकेल डेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये १३ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. अमेरिकेत एफडीए या सरकारी संस्थेने पहिल्या उपकरणाला मान्यता दिली ती २००५ मध्ये. सत्तरीच्या माणसासाठी एवढा अनुभव पुरेसा म्हणता येईल. पंचविशीतल्या अपघातग्रस्त मुलाच्या छातीत तोच ग्राफ्ट पन्नास वर्षं कसा राहील, हे सांगण्याइतका काळ अजून गेलेलाच नाही. तरुण रुग्णाच्या घरच्यांनी हा मुद्दा डॉक्टरांशी जरूर बोलावा.

छाती उघडली नाही, टाके दोनच. मग जोखीम एवढी मोठी का सांगतात?

कारण जखम लहान असली तरी काम महाधमनीवरच चाललेलं असतं. उघड्या शस्त्रक्रियेत छाती उघडावी लागते, फुप्फुस बाजूला करावं लागतं, महाधमनी काही वेळ बंद करावी लागते. टेव्हारमध्ये हे सगळं टळतं, त्यामुळे सुरुवातीच्या दिवसांतला मृत्यूचा धोका आणि पॅराप्लेजियाचं प्रमाण कमी होतं. स्ट्रोकचा धोका मात्र टळत नाही, आणि नंतर पुन्हा काही करावं लागण्याची शक्यता टेव्हारमध्ये जास्त असते. शस्त्रक्रियेची जोखीम जणू एकरकमी असते, टेव्हारची बरीचशी पुढच्या वर्षांवर पसरलेली.

मांडीतून तार घालतात, मग दोन्ही पाय लुळे कसे पडू शकतात?

पायांच्या नसांना काही होत नाही. जे होतं ते पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला. एखाद्या गावाला चार विहिरींचं पाणी असावं, तसं मज्जारज्जूला चार दिशांनी रक्त मिळतं. वरून डाव्या हाताच्या धमनीतून निघणाऱ्या फांद्या, छातीत बरगड्यांमधल्या धमन्या, कंबरेतल्या धमन्या आणि खाली ओटीपोटातली आतली इलियाक धमनी. बरगड्यांमधल्या धमन्यांत एक बऱ्यापैकी मोठी असते. तिला अॅडम्किव्हिच धमनी म्हणतात. ती बहुतेकांत डाव्या बाजूला, छातीच्या आठव्या-नवव्या मणक्यापासून कंबरेच्या पहिल्या मणक्याच्या दरम्यान कुठेतरी फुटते.

ग्राफ्टने बरगड्यांमधल्या काही धमन्या झाकल्या, तर बाकीचे तीन मार्ग बहुतेक वेळा भागवून नेतात. अडचण येते ती एकापेक्षा जास्त मार्ग बंद असले तर. पोटातल्या महाधमनीची शस्त्रक्रिया आधीच झालेली आहे, इलियाक धमनी तंबाखूने आणि मधुमेहाने बुजलेली आहे, डाव्या हाताची धमनीही झाकावी लागणार आहे, ग्राफ्ट २० सेंटिमीटरहून लांब आहे, आणि त्यातच रक्तदाब घसरला. अशा वेळी मज्जारज्जूला रक्त अपुरं पडतं आणि पायांची ताकद जाते.

वेगवेगळ्या केंद्रांच्या आकडेवारीत हे प्रमाण साधारण शंभरात दोन ते दहा असं येतं. छोटा ग्राफ्ट आणि बाकीचे मार्ग मोकळे असतील, तर खालच्या टोकाला. लांब ग्राफ्ट आणि आधीची शस्त्रक्रिया असेल, तर वरच्या. म्हणून सरासरी ऐकून थांबू नका. 'आमच्या रुग्णाचे किती मार्ग बंद आहेत?' असं थेट विचारा. सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) बघून सर्जन याचं उत्तर देऊ शकतात.

ताकद गेली तर ती परत येते का?

लवकर लक्षात आलं आणि लगेच उपाय झाले, तर बऱ्याच जणांत पूर्ण किंवा काही प्रमाणात येते. इथे तासांचा हिशेब असतो. आयसीयूत नर्स ठरावीक वेळाने येऊन पांघरूण बाजूला करते, दोन्ही तळव्यांना हात लावून 'माझा हात खाली दाबा' म्हणते, मग पंजे वर ओढायला लावते, मग एकेक टाच खाटेवरून उचलायला सांगते. ही तपासणी रात्रीही चालू राहायला हवी. झोपमोड होते म्हणून रुग्ण कुरकुरतो, नातेवाईकही 'आता राहू द्या' म्हणतात. कृपा करून असं म्हणू नका.

तुम्ही भेटायला गेलात, तर तब्येत विचारता विचारता दोन्ही पायांची बोटं हलवायला सांगा. संवेदना कमी वाटते का, पाय जड वाटतो का, लघवीची जाणीव आहे का, हे विचारा. कालच्यापेक्षा आज काही कमी वाटलं, तर राउंडची वाट न पाहता लगेच सांगा.

एक फरक ओळखता आला तर फार उपयोग होतो. एकच पाय गार, फिकट आणि दुखरा असेल, तर जांघेतल्या धमनीत गुठळी किंवा अडथळा असण्याची शक्यता. पाय उबदार आहेत, नाडी लागते, पण ताकद नाही, तर संशय मज्जारज्जूचा. दोन्ही तातडीचेच, पण उपचार अगदी निराळे.

पाठीत नळी का घालतात?

मज्जारज्जूभोवती पाण्यासारखा द्रव असतो. त्याचा दाब वाढला की आत येणाऱ्या रक्ताला अडथळा होतो. मज्जारज्जूपर्यंत पोचणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाबातून (बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्यांमधला, मॉनिटरवर दिसणारा आकडा) या द्रवाचा दाब वजा केल्यावर जे उरतं ते. सरासरी रक्तदाब ९० आणि द्रवाचा दाब १० असेल, तर ८० मिळतात. रक्तदाब ६५ वर आला आणि द्रवाचा दाब १५ झाला, तर उरतात ५०. म्हणून कंबरेतून बारीक नळी घालून थोडा थोडा द्रव काढतात आणि दाब १० च्या आसपास ठेवतात.

ही नळी सगळ्यांना घालत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नळीचे स्वतःचे धोके आहेत: डोकेदुखी, जंतुसंसर्ग, मणक्यात रक्तस्राव, आणि द्रव एकदम जास्त निघून गेल्यास मेंदूच्या आवरणाखाली रक्त साचणं. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आधीच सांगा. नळी असताना नर्सला विचारल्याशिवाय खाटेची डोक्याकडची बाजू वर-खाली करू नका. द्रव गोळा करणारं पात्र रुग्णाच्या ठरावीक उंचीला लावलेलं असतं, आणि खाट हलली की ते माप बिघडतं. नळीतला द्रव गुलाबी-लालसर दिसला, तर लगेच कळवा.

मॉनिटरवर बीपी १५० दिसतंय, तरी कमी करायचं औषध का देत नाहीत?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरातून येतो, आणि रास्त आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत 'बीपी वाढता कामा नये' असं सगळे बजावत होते. डिसेक्शन असेल, तर वरचा आकडा १०० ते १२० मध्ये ठेवायची धडपड चालली होती. ग्राफ्ट बसल्यावर मात्र ज्यांना मज्जारज्जूचा धोका आहे, त्यांच्यात पहिले दोन-तीन दिवस रक्तदाब मुद्दाम थोडा चढा ठेवतात. सरासरी ९० किंवा त्याहून जास्त. गरज पडली तर तो वाढवायचं इंजेक्शनही देतात. हिमोग्लोबिनही फार खाली जाऊ देत नाहीत. महाधमनीचा दुसरा एखादा भाग फाटलेला किंवा नाजूक असेल, तर आकडा वेगळा ठरतो.

घरी आल्यावरही पाय जाऊ शकतात का?

क्वचित, पण हो. काही रुग्ण भुलीतून उठतात तेव्हा पाय चांगले हलवतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, कधी काही आठवड्यांनीही, अशक्तपणा येतो. त्यामागे पुष्कळदा घसरलेला रक्तदाब असतो. जुन्या चिठ्ठीवरच्या आणि डिस्चार्ज कार्डावरच्या अशा दोन्ही बीपीच्या गोळ्या घेतल्या जातात, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी जातं, किंवा कडक उपास केला जातो. पहिला महिनाभर गोळ्यांची एकच यादी घरात ठेवा. जुनी चिठ्ठी बाजूला काढा.

स्ट्रोक का होतो?

महाधमनीच्या कमानीतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या निघतात. कमानीच्या भिंतीवर चरबीचा आणि चुन्याचा थर असेल, तर तार आणि उपकरण सरकताना त्याचा कण सुटून वर जाऊ शकतो. उपकरणात अडकलेली हवाही जाऊ शकते, म्हणून ते सलाइनने, काही ठिकाणी आधी कार्बन डायऑक्साइडने धुऊन घेतात. प्रमाण साधारण शंभरात तीन ते सहा. ग्राफ्ट कमानीत जितका वर बसवावा लागतो, तितका धोका वाढतो.

डाव्या हाताची धमनी झाकली तर हात जाईल का?

हात सहसा जात नाही. खांद्याभोवतीच्या इतर वाटांनी त्याला रक्त मिळतं. काम करताना हात लवकर थकतो, गार वाटतो, एवढंच अनेकांना जाणवतं. काळजी हातापेक्षा मेंदूच्या मागच्या भागाची आणि मज्जारज्जूची, कारण दोघांनाही याच धमनीतून फांद्या जातात. त्यामुळे ठरवून केलेल्या टेव्हारमध्ये ही धमनी झाकायची असेल, तर आधी मानेतल्या कॅरोटिड धमनीतून तिला बायपास द्यावा, असा अमेरिकेतल्या रक्तवाहिनी शल्यविशारदांच्या संघटनेचा २००९ पासूनचा सल्ला आहे. रुग्णाची पूर्वी हृदयाची बायपास झाली असेल आणि त्यात छातीतली डावी मॅमरी धमनी (ती याच हाताच्या धमनीतून निघते) वापरली असेल, तर हा बायपास टाळून चालतच नाही. नाहीतर हृदयाचंच रक्त तुटतं. तशीच गोष्ट डाव्या हातात डायलिसिसची फिस्टुला असलेल्यांची. या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना आधीच सांगा.

धमनी झाकून बायपास न दिलेल्या रुग्णाचं बीपी कायम उजव्या हातावर मोजा. डाव्या हातावर ते खोटं कमी येतं. गावातल्या डॉक्टरांनाही हे आवर्जून सांगा, कारण डाव्या हाताचा ९० चा आकडा बघून गोळ्या बंद केल्या, तर इकडे खरं बीपी १७० असू शकतं.

सर्जन सगळ्यात जास्त कशाला घाबरतात?

ग्राफ्टच्या वरच्या टोकापासून महाधमनी उलट दिशेने, हृदयाकडे फाटण्याला. याला रेट्रोग्रेड टाइप ए डिसेक्शन म्हणतात. शंभरात एक-दोघांना होतं, पण झालं तर तिघांतला एक किंवा त्याहून जास्त दगावतात. हे ऑपरेशन टेबलावरच होऊ शकतं, पहिल्या महिन्यात होऊ शकतं, त्यानंतरही होऊ शकतं. छातीत अचानक जोरात कळ, चक्कर, बेशुद्धी अशी लक्षणं असतात. त्यावर छाती उघडून तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय.

डिसेक्शनच्या रुग्णांत हा धोका जास्त, कारण त्यांची भिंत आधीच कमकुवत असते. फुग्यासाठी ग्राफ्ट धमनीपेक्षा दहा-वीस टक्के मोठा घेतात, म्हणजे घट्ट बसतो. डिसेक्शनमध्ये तेवढा मोठा घेणं अंगाशी येतं. बसवल्यावर ग्राफ्ट नीट टेकावा म्हणून आत बलून फुगवून दाबणंही टाळतात. हे टेव्हार जिथे करायचं, तिथे हृदय-शल्यविभाग त्याच इमारतीत असावा असं आमचं ठाम मत आहे.

जांघेत काय बिघडू शकतं?

उपकरण जाडजूड असतं, त्याच्या नळीचा व्यास बहुधा सहा-सात मिलिमीटरच्या वर. बारीक, वळणदार किंवा चुना साचलेल्या इलियाक धमनीतून ते जबरदस्तीने नेलं, तर ती फाटू शकते आणि पोटात मोठा रक्तस्राव होतो. स्त्रियांच्या धमन्या मुळात बारीक, त्यामुळे त्यांच्यात हा धोका जास्त. धमनी लहान असेल, तर सर्जन पोटातून वर वेगळी वाट तयार करतात.

किडनी आणि आतडी?

रक्तवाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून टोचतात त्या डायमुळे क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढू शकतं. मूळची किडनी कमजोर असेल, तर कधी डायलिसिस लागतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल, तर सांगा. ग्राफ्टचं खालचं टोक पोटाच्या धमन्यांजवळ येत असेल, तर आतड्याचं रक्त कमी पडण्याची भीती असते. पोट हाताला मऊ लागतं पण दुखणं असह्य, अशी तक्रार असेल, तर ते गॅसेसवर ढकलू नका.

एंडोलीक म्हणजे स्टेंट फुटला का?

बहुतेकदा नाही. ग्राफ्ट बसूनही फुग्यात रक्त शिरत राहिलं, तर त्याला एंडोलीक म्हणतात. ग्राफ्टच्या टोकाशी फट राहिली तर पहिला प्रकार. एखादी फांदी उलट दिशेने फुग्यात रक्त आणत असेल तर दुसरा. कापड फाटलं किंवा दोन ग्राफ्टचा सांधा सुटला तर तिसरा. कापडातून झिरपणं हा चौथा, आणि गळती न दिसताही फुगा वाढत राहणं हा पाचवा.

पहिला आणि तिसरा दुरुस्त करावेच लागतात, कारण फुग्यावर पूर्ण दाब येत राहतो आणि तो फुटू शकतो. दुसऱ्यावर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात, फुगा वाढला तर हात घालतात. यातलं काहीच बहुधा दुखत नाही. रुग्ण शेतात जातो, जिने चढतो, आणि आत फुगा वाढत असतो. ते फक्त स्कॅनवर दिसतं.

ताप आला तर स्टेंटला जंतुसंसर्ग झाला समजायचं का?

पहिल्या काही दिवसांतला हलका ताप आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी ही शरीराची नव्या कापडाला प्रतिक्रिया असते, आणि ती बहुतेकांत आपोआप ओसरते. आठवडे-महिन्यांनी येणारा ताप, थंडी वाजणं, वजन उतरणं, पाठीत नवं दुखणं ही गोष्ट निराळी. तेव्हा रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू शोधायची तपासणी) आणि स्कॅन व्हायलाच हवा. नुसता अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स घेऊन ताप दबतो आणि निदान लांबतं.

सगळ्यात भयंकर म्हणजे महाधमनी आणि अन्ननलिका यांच्यात, किंवा महाधमनी आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडणं. हे क्वचितच होतं. पण आधी थोडीशी रक्ताची उलटी किंवा खोकल्यातून रक्त येतं, मग काही तास किंवा दिवस सगळं शांत, आणि मग एकदम प्रचंड रक्तस्राव, अशी याची चाल असते. छातीत ग्राफ्ट असलेल्या माणसाला चमचाभरही रक्ताची उलटी झाली, तर ती ॲसिडिटीची मानू नका. एंडोस्कोपीला नेण्याआधी 'यांच्या महाधमनीत ग्राफ्ट आहे' हे सांगा, आणि सीटी अँजिओचा आग्रह धरा.

उकिडवं बसलं, वजन उचललं तर स्टेंट सरकतो का?

उकिडवं बसल्याने छातीतला ग्राफ्ट सरकत नाही. जांघेतली जखम भरेपर्यंत मात्र जपावं, आणि श्वास रोखून जड ओझं उचलणं कायमचंच टाळावं, कारण त्याने बीपी उसळतं. ग्राफ्ट सरकतो तो वर्षानुवर्षांच्या रक्ताच्या माऱ्याने आणि धमनीच रुंद होत गेल्याने. डिसेक्शनमध्ये ग्राफ्टच्या खालच्या टोकाच्या टोचण्याने नवं भोकही पडतं. तरुण अपघातग्रस्तांच्या लहान, तीव्र वळणाच्या महाधमनीत ग्राफ्ट नीट टेकला नाही, तर तो आत कोसळू शकतो.

स्कॅन किती वर्षं करायचे?

आयुष्यभर. साधारण पहिल्या महिन्यात, मग सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, आणि पुढे दर वर्षी. किडनी कमजोर असेल, तर डायशिवाय सीटी किंवा एमआरआयचा पर्याय असतो. एमआरआयआधी इम्प्लांट कार्ड (कोणता ग्राफ्ट बसवला आहे ते लिहिलेलं कार्ड) दाखवावं लागतं.

पहिल्या दोन वर्षांत सगळं नीट निघालं की लोक यायचे थांबतात. सातारा किंवा परभणीहून मुंबई-पुण्याला येणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं, हे समजतं. तरी स्कॅन जवळच्या जिल्ह्याच्या ठिकाणी करून त्याची सीडी सर्जनकडे पाठवता येते. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. फुगा दोन-तीन मिलिमीटरने वाढलाय का, हे जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना केल्यावरच कळतं.

कोणी टेव्हार शक्यतो टाळावं?

मारफान किंवा तत्सम जन्मजात ऊतीविकार असलेल्यांनी. त्यांची भिंत ग्राफ्टचा ताण सहन करत नाही, म्हणून तब्येत झेपणारी असेल, तर उघडी शस्त्रक्रिया बरी. जीव वाचवायची तातडी असेल, तर गोष्ट वेगळी. ज्यांच्या महाधमनीत ग्राफ्ट टेकवायला दोन्ही टोकांना दोन सेंटिमीटर चांगली जागा नाही, त्यांच्यात नुसतं टेव्हार टिकत नाही. आणि जे नंतर स्कॅनला येणारच नाहीत, त्यांच्याशी सर्जननी आधी मोकळेपणाने बोलायला हवं.

ताबडतोब कधी निघायचं?

छातीत किंवा पाठीत अचानक जोराची कळ, पाय जड पडणं किंवा बधिर होणं, लघवी अडकणं, बोलणं अडखळणं किंवा तोंड वाकडं होणं, रक्ताची उलटी किंवा खोकल्यातून रक्त, एक पाय गार पडणं, जांघेत वाढती सूज, बेशुद्धी. यातलं काहीही झालं, तर १०८ ला फोन करा. सोबत इम्प्लांट कार्ड, डिस्चार्ज कार्ड आणि शेवटच्या स्कॅनची सीडी घ्या, आणि दारातच सांगा की छातीच्या महाधमनीत स्टेंट ग्राफ्ट आहे. कार्डाचा फोटो घरातल्या दोघातिघांच्या मोबाइलमध्ये आजच काढून ठेवा.